मागचे अंक

जुनी जीप गावातून जायला बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. ओढायला ट्रॅक्टर हवा, आरसी बुकावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या वारसांत एकमत हवं, आणि भंगारवाल्याने असा भाव सांगायला हवा की घरातल्या कुणालाच तो कमी वाटणार नाही. हे सगळं एका दिवशी कधीच जुळत नाही. मग जीप गोठ्यामागे उभी राहते, मागच्या बाकांवर कडब्याच्या पेंढ्या येतात, पुढच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायला लागतात आणि तेवढ्यात एक पिढी सरते. मासिकाला एवढं काही लागत नाही. दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरचा गठ्ठा खाली आला, ओट्यावर ठेवला आणि त्याच वेळी रस्त्यावरून रद्दीवाल्याची आरोळी आली, की संपलं. म्हणूनच आमच्या निरगुडसरच्या पंचक्रोशीत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वाहनं हिंडून पाहिली तर अजून सापडतात. त्या वाहनांविषयी त्याच काळात छापलेला कागद मात्र हाती लागत नाही.

मला नाद आहे तो या कागदाचा. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांनी जगभर स्वतःसाठी मासिकं, त्रैमासिकं, मंडळांची पत्रकं काढली. त्यांचे मागचे अंक मी शोधत असतो. आंबेगाव तालुक्यात बैलगाड्याचा नाद असलेले घरटी दोघे निघतील, पण या नादाचा दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे. लोक विचारतात, मोटार घ्यायची ऐपत नाही म्हणून मासिकं घेता का? थोडंफार तसंही असेल. पण सुरुवात झाली ती मोटार घरातच होती म्हणून.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, बटाट्याचे पैसे चांगले झाले त्या वर्षी जीप घेतली. महिंद्राची सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटची. लढाईतल्या विलीस जीपचं बॉनेट बसकं असतं. या मॉडेलमध्ये इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत विलीसने हे मॉडेल १९५३ साली आणलं आणि तिथे ते १९६८ पर्यंत निघालं. आपल्याकडे महिंद्राने परवान्याखाली ते पुढेही बरीच वर्षं चालवलं. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना जीप म्हटलं की हाच उंच नाकाचा चेहरा आठवतो. निवडणुकीचा कर्णा हिच्यावर, नवरदेव हिच्यात, बाजार समितीचे सभापती हिच्यात आणि त्यांना धरायला आलेले पोलीसही हिच्यातच.

पेट्रोल महागलं, विशेषतः १९७३ नंतर, तशी गावोगावच्या जीपांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल बसवायची लाट आली. कंपनीनेही पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं. गॅरेजवाल्यांनी मॅटाडोरचं बसवलं, हाताला लागेल ते बसवलं. तात्यांची जीप यातून वाचली ती केवळ भाऊबंदकीमुळे. वाटपाचा दावा लागला, जीप कुणाच्या वाट्याला जाणार ते ठरेना, आणि जी वस्तू आपली राहील की नाही ठाऊक नाही तिच्यात इंजिनाचे पैसे कोण घालणार? दावा मिटला तोवर पेट्रोल इंजिन आपल्या जागी गप्प बसून होतं. जुन्या वस्तू जतन करण्यात आपल्या दिवाणी दाव्यांचा वाटा किती, यावर कुणीतरी एकदा लिहायला हवं.

तर ही जीप धाकट्या चुलतभावाला, म्हणजे आमच्या आण्णाला, दुरुस्त करावीशी वाटली. त्याचं कारण सरकारी होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम काढला: पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापरातली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत, ही अट. आण्णाला त्या दोन अक्षरांची भुरळ पडली. एमएच-१४ च्या हजारो गाड्यांत आपली एकटी वेगळी दिसेल, हा त्याचा हिशोब. मला भुरळ पडली ती 'मूळ स्वरूप' या शब्दांची. मूळ स्वरूप कुणी पाहिलंय? तात्या गेले. ज्यांनी जीप नवी पाहिली त्यांपैकी एक म्हणतात हिरवी होती, दुसरे म्हणतात राखाडी, आणि माझी आई ठामपणे सांगते की ती पहिल्यापासून धुळीच्याच रंगाची होती.

मी एकदा दुपारी बॉनेटच्या कडेला पॉलिश पेपर घेऊन बसलो. दुपारीच, कारण आमच्याकडे उसाला लागून असलेल्या गोठ्यामागे संध्याकाळनंतर जायचं म्हणजे हातात बॅटरी आणि तोंडाने मोठमोठ्याने बोलणं, नाहीतर बिबट्याची आणि आपली एकदमच गाठ पडायची. नखाएवढी जागा घासली. वर पांढरा रंग, तो निवडणुकीच्या वेळचा असावा. त्याखाली पोपटी. त्याखाली पुट्टी, म्हणजे इथे कधीतरी ठोकली होती. मग एक निळसर राखाडी थर, मग मेंदीच्या पाल्यासारखा हिरवा आणि त्याखाली तपकिरी प्रायमर. कारखान्याचा रंग राखाडी की हिरवा, हे पत्रा सांगत नव्हता. दोन्हींपैकी एक थर विक्रेत्याने किंवा पहिल्या गॅरेजने दिलेला असू शकतो. हे सांगेल तो त्या वर्षीचा छापील कागदच.

पुस्तिका मिळतात. अमेरिकन सैन्याची १९४४ ची टीएम ९-८०३ ही जीपची पुस्तिका इतक्या वेळा पुन्हा छापली गेली आहे की ती मिळवायला फार कष्ट पडत नाहीत. तिच्यात पॉइंटची फट वीस हजारांश इंच, प्लगची तीस हजारांश, फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, सगळं आहे. पण ती लढाईतल्या बसक्या बॉनेटच्या जीपची. मुंबईत जुळलेल्या, शेतकऱ्याला विकलेल्या, बाकडी लावलेल्या जीपविषयी ती काय बोलणार? अशा वेळी माणूस मासिकांकडे वळतो, आणि वळला की परतत नाही.

परदेशातलं हे जग पाहिलं की हेवा वाटतो. ब्रिटनमधलं 'ऑटोकार' १८९५ पासून निघतंय, पण ते नव्या गाड्यांचं. जुनी गाडी जुनी म्हणून जपायची, हा विचार मंडळांच्या रूपाने उभा राहिला तो १९३० च्या दशकात. ब्रिटनमध्ये १९३० साली व्हेटरन कार क्लब आणि १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब, अमेरिकेत १९३५ साली अँटिक ऑटोमोबाइल क्लब आणि १९३७ साली हॉर्सलेस कॅरेज क्लब. मंडळ आलं की मुखपत्र आलंच. १९५४ साली अर्नेस्ट हेमिंग्ज या अमेरिकन गृहस्थाने 'हेमिंग्ज मोटर न्यूज' काढलं. त्याचा जीव छोट्या जाहिरातींत होता: अमुक गाडीचा दिवा हवा आहे, तमुक गाडीचं चाक विकणे आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड मोंटेग्यू यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ब्यूलीला १९५२ मध्ये मोटारींचं संग्रहालय उघडलं आणि १९५६ मध्ये 'व्हेटरन अँड व्हिंटेज' हे मासिक सुरू केलं.

या मासिकांतले मुख्य लेख मी हल्ली वाचत नाही. बहुतेक लेखांत एका श्रीमंत माणसाने दुसऱ्या श्रीमंत माणसाच्या गाडीचं कौतुक केलेलं असतं. वाचायचा असतो पत्रव्यवहार. कुणीतरी मार्चच्या अंकात विचारतो, माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेक ड्रमवर हे तीन आकडे कशाचे? एप्रिलमध्ये एक जण चुकीचं उत्तर देतो. मे महिन्यात एक निवृत्त फोरमन त्याची चूक दाखवतो, आणि जूनमध्ये पहिला गृहस्थ दोघांचेही आभार मानून सांगतो की मूळ गाडी मी विकली. मागचे अंक गोळा करणाऱ्याचं दुखणं असं की त्याच्याकडे मार्च आणि जून असतात. मधल्या दोन महिन्यांसाठी माणूस वर्षानुवर्षं पत्रं लिहितो, आणि त्या ब्रेक ड्रमशी त्याचा काही संबंध नसतो, हे विशेष.

आणि राजेरजवाड्यांच्या गाड्यांचं तर विचारूच नका. रोल्स-रॉइसची बहुतेक कुठलीही जुनी चासी घ्या, तिचं कार्ड इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनशायरमधल्या हंट हाउसमध्ये, रोल्स-रॉइसच्या हौशी मंडळाकडे, जपून ठेवलेलं आहे. कुणी मागवली, बॉडी कुणी बांधली, कुठे पाठवली, सगळं त्यावर. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या मोटारींवर शारदा द्विवेदी आणि बडवानीचे मानवेंद्रसिंह यांनी २००३ साली देखणा ग्रंथ केला. प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ दास्तानला अशा गाड्यांचा केवढा तरी ताफा उभा केला. चांगलं झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण याचा परिणाम असा की एखाद्या महाराजांची १९३० च्या आसपासची गाडी कुठल्या रंगाची होती, हे मी निरगुडसरच्या ओट्यावर बसून सांगू शकतो, आणि त्याच ओट्यावरून दिसणारी जीप कुठल्या रंगाची होती ते मला सांगता येत नाही. वस्तू जितकी आपल्या हाताजवळची, तितका तिचा कागद दुर्मीळ.

हे असं का, याचा विचार मी बराच केला आहे. हौशी मासिकाला हौसेइतकीच निवडीची गरज असते. दहा कंपन्यांच्या पंचवीस गाड्या बाजारात असतील तर माणूस तुलना वाचतो, भांडतो, पत्र लिहितो. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं निवड होती ती अँबॅसिडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढीच. नाव नोंदवा आणि थांबा. फियाटची ती डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली, तरी कुर्ल्याहून बाहेर पडणारा आकार तोच. अशा बाजारात तुलनेचं मासिक कोण घेणार? १९५६ पासून मद्रासहून 'मोटरइंडिया' निघत आलं, पण ते धंद्यातल्या लोकांचं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासूनची, पण ती गाडीमालक साहेबलोकांची संस्था. हौशी वाचकासाठीची मासिकं जोमाने आली ती थेट १९८० नंतर, मारुती आल्यावर. त्यात पुण्याच्या आदिल जाल दारूखानावाला यांचा हात मोठा. १९९८ मधलं 'ओव्हरड्राइव्ह' त्यांचंच. पुढच्याच वर्षी होर्मझ्द सोराबजी यांच्या संपादनाखाली 'ऑटोकार इंडिया' आलं. तोवर तात्यांची जीप दाव्यात अडकून मुरली होती.

आणखी एक कारण आहे. जुन्या गाड्यांची शर्यत-मिरवणूक दिल्लीत 'स्टेट्समन'ने १९६४ पासून भरवली, पण बाकी देशात जुनी गाडी हा छंद नव्हता, ती गरज होती. नवी मिळत नव्हती म्हणून जुनी चालवायची. ज्याला आपण गरज म्हणून करतो त्याच्यावर मासिक काढायचं कुणाला सुचत नाही.

मग शोध कुठे घ्यायचा? पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत. तिथे गंजक्या पान्यांच्या शेजारी पोत्यावर मासिकं पसरलेली असतात. मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बागेजवळ. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत कधीकधी काउंटरखाली जुने पार्ट कॅटलॉग निघतात, पण ते विकायला नसतात. दुकानदाराला त्यातले नंबर अजून लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे आमच्या मंचर-नारायणगाव भागातले रद्दीवाले. यांच्याकडून मी शिकलो की रद्दीत सगळा कागद सारखा नसतो. वर्तमानपत्र पुड्यांना चालतं, म्हणून त्याला भाव. गुळगुळीत कागदाची मासिकं वाण्याला नको असतात, घडी बसत नाही आणि वजनाला मात्र भारी. ती वेगळी काढली जातात, आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला जातात. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच अंकांची मधली जोडपानं, जिथे हमखास मोटारीचं मोठं रंगीत चित्र असतं, ब्लेडने सरळ रेषेत काढलेली आहेत. कुठल्या तरी पोराने 'भूगोल, इयत्ता सातवी' असं लेबल एखाद्या बुगाटीच्या रेडिएटरवर चिकटवलं असणार. मला त्याचा राग येत नाही. अंकाचा तो उपयोगही चांगलाच होता.

ग्रंथालयांची गोष्ट वेगळी. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक ठरावीक ग्रंथालयांना द्यावं लागतं, आणि १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकंही त्यात आली. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. कागदोपत्री काही हरवायला नको. पण मासिकं बांधून घेताना खंड जाड होतो म्हणून कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, ही बाइंडरांची जुनी पद्धत. लेख राहतात, जाहिराती जातात. संशोधकाला लेख हवे असतात हे त्यांचं गृहीत. मला नेमकी जाहिरात हवी असते. संपादकाने १९६२ साली काय विचार केला ते मला नको, त्या पानाच्या मागे कुठल्या टायरची, कुठल्या बॅटरीची, कुठल्या जीपची जाहिरात होती ते हवं. गावच्या वाचनालयात तर प्रश्नच मिटतो. तिथे वर्ष सरलं की मासिकांचा गठ्ठा वजनावर जातो, त्या पैशांत नव्या वर्षाचं वर्तमानपत्र येतं, आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानात याहून वेगळं काही करता येईल असं मला वाटत नाही.

मराठीत मोटारीचं हौशी मासिक नव्हतं, म्हणून मराठीत मोटार नव्हती असं नाही. ती इतरांच्या अंकांत भाड्याने राहत होती. 'किर्लोस्कर' सुरू झालं तेच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून, नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्यातून महाराष्ट्राचं मासिक घडवलं, पण यंत्राशी त्याचं नातं तुटलं नाही. दिवाळी अंकांत साठ-सत्तरच्या दशकात टायर, ऑइल, बॅटरी, पंप यांच्या पानभर जाहिराती असत. आणि एक पुस्तक आहे, ज्याला मी सगळ्या मागच्या अंकांचा बाप समजतो. १९३५ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली. त्यात एकही चकचकीत चित्र नाही. पण एकेकट्या बसचे मालक, त्यांची आपसातली जीवघेणी स्पर्धा, रस्ते, भाडी हे सगळं त्यात आहे. पुढे १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि ते सगळे बसवाले हळूहळू इतिहासात गेले. महाराजांच्या गाड्यांविषयी आल्हाददायक गद्य लिहिणारे पुष्कळ आहेत. गाडगिळांनी लिहिलं ते सर्व्हिस गाडीवर, जिच्यात आपले आजोबा कोंबून बसले होते.

नारायणगावच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, वय झालेले. त्यांच्याकडे जीपचं कार्ब्युरेटर घेऊन गेलो. लोखंडी पेटीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला त्यांनी एक पान चिकटवलेलं होतं, कुठल्या तरी इंग्रजी मासिकातलं. जीपच्या ट्रान्सफर केसचं सुटं-सुटं करून दाखवलेलं चित्र, प्रत्येक तुकड्याला नंबर. तेलाने पान पारदर्शक झालेलं, मागच्या बाजूची जाहिरात उलटी दिसत होती. मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाले, "मालकाकडून. मुंबईचा होता. गाडी सोडून गेला, बुकं पण सोडून गेला." बाकीची बुकं? "ती इंग्रजी होती ना. चित्राचं पान ठेवलं." मग त्यांनी त्या चित्रातल्या एका नंबरावर काळं बोट ठेवलं आणि सांगितलं की हे वॉशर चित्रात एक दाखवलंय, पण आपल्याकडच्या जीपला दोन घालावी लागतात, नाहीतर गिअर सुटतो. हे वाक्य कुठल्याही अंकात नाही. इंग्लंडमध्ये हाच माणूस मे महिन्याच्या पत्रव्यवहारात आला असता. पॉइंटची फट त्यांनी करवतीच्या पात्याचा तुकडा घालून लावली, फीलर गेज पेटीत असूनही. जीप सुरू झाली.

उलटी दिसणारी ती जाहिरात मी बराच वेळ वाचायचा प्रयत्न केला. पान काढून द्यायला ते तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या खेड-आंबेगाव-जुन्नर भागाचा स्वतःचा वाहनाचा छंद आहे, बैलगाडा, आणि तो कुठल्याही क्लबपेक्षा जुना आणि कडवा आहे. यात्रेला घाटात गाडे पळतात, सेकंदांवर हिशोब, गाडामालकाचं नाव लाउडस्पीकरवर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये निकालाने त्यावर शिक्का बसला. एवढ्या सगळ्या वर्षांत यात्राकमिट्यांनी पत्रकं छापली: कुणाची बारी, काय इनाम, कुठला घाट, वर्गणीदारांची नावं. गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावर. त्यातलं तीस वर्षांपूर्वीचं एकही पत्रक मला मागून मिळालेलं नाही. अमेरिकेतल्या एका मंडळाचं १९५० च्या दशकातलं पत्रक मला घरबसल्या मिळतं, आणि आमच्या यात्रेचं मात्र कुणाच्या घरात नाही. एका गाडामालकाला विचारलं तर ते म्हणाले, "बैलाचा फोटो ठेवलाय की. कागद कशाला?" त्यांच्या बैठकीत फोटो खरोखरच आहे, देवाच्या शेजारी, हार घातलेला.

जीपच्या रंगाचं म्हणाल तर अखेर एक जाहिरात सापडली. मंचरच्या रद्दीवाल्याने परदेशी मासिकांचा गठ्ठा काढून ठेवला होता, त्याला आता माझी आवड कळली आहे आणि त्याप्रमाणे भावही. त्या गठ्ठ्याला सुतळी बांधताना खालून आधार म्हणून त्याने एक जाड मराठी अंक ठेवला होता, मुखपृष्ठ नसलेला, साठच्या दशकातला दिवाळी अंक. त्यात पानभर जीप. शेत, विहीर, फेटेवाला शेतकरी, आणि तीच उंच बॉनेटची गाडी, बाकड्यांसकट. परदेशी गठ्ठ्याचे त्याने चित्रागणिक पैसे लावले. मराठी अंकाचे लावलेच नाहीत. "असू द्या, सुतळी कापेल म्हणून ठेवला होता."

जाहिरात दोन रंगांत छापलेली आहे, काळा आणि लाल. शेतकऱ्याचा फेटा लाल, जीप काळी-पांढरी. बाकड्यांचे पाय, मागच्या दिव्यांची जागा, बाजूला लटकवलेलं फावडं, स्टेपनीचा स्टँड, सगळं स्पष्ट आहे. रंग तेवढा नाही. आण्णाला दाखवलं तर त्याने फोन काढून फोटो घेतला आणि म्हणाला, "बाकडी तर जुळली. आता हिरवा मारू." मी म्हटलं कारखान्याचा रंग राखाडी की हिरवा ते अजून ठरलेलं नाही. तो म्हणाला, "हिरवा खालचा आहे ना? मग तोच आधीचा." मी म्हटलं, खालचा थर विक्रेत्याचा असू शकतो, काही गाड्या प्रायमरवरच यायच्या. यावर त्याने आरटीओला हे कळणार आहे का, असा प्रश्न केला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सध्या जीप रेड ऑक्साइडवर आहे. पेंटरला एवढंच सांगितलंय की यात्रेच्या आधी हवी. तोवर मला साठ सालच्या पुढची दोन-तीन वर्षं बघायची आहेत, जाहिरातींसकट न बांधलेली, आणि वरच्या आळीत एका घरात माळ्यावर असा गठ्ठा असल्याचं कळलंय. त्या घरात वाटपाचा दावा चालू आहे, त्यामुळे कुणी तो गठ्ठा हलवलेला नाही.